पोस्टमनच्या हातीं दिलेलें अन्न

(महोत्सवी वर्षाच्या प्रारंभीं धर्मग्रामाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं आपल्या पूर्वजांनीं काय काय केलें याची उजळणी करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. ती उजळणी पुढील सभांतून वडीलधारी मंडळी करतीलच. आज मला आपणांपुढें एक निराळा विषय ठेवावयाचा आहे. तो आहे दूर अमेरिकेंतला. परंतु त्याचा बोध आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोंचतो, असें मला वाटतें. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पोस्टमन घरोघर पत्रें टाकतात आणि त्याच फेरींत, त्याच घरांपुढें भुकेल्यांसाठीं ठेवलेलें अन्न उचलून नेतात. हें कसें सुरू झालें, कसें चालतें, आणि त्यांतून आपण काय घ्यावें, एवढेंच मी सांगणार आहें.

पोस्टमनची थोरवी आपल्या लोकांस नव्यानें सांगावयास नको. मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्या मुलानें धाडलेली मनीऑर्डर ज्या दिवशीं येई, त्या दिवशीं कोंकणांतल्या कित्येक घरांची चूल नीट पेटत असे. म्हातारी आई ज्याची वाट पाहत बसे, तो खाकी पोशाखांतला मनुष्य कागदाबरोबर भाकरहि आणीत असे. अमेरिकेंत इ. स. १८६३ पूर्वीं शहरांतल्या लोकांस आपलीं पत्रें बहुधा टपालकचेरींत जाऊन आणावीं लागत, नाहींतर पोंचविणाऱ्यास निराळे पैसे द्यावे लागत. त्या वर्षापासून शहरांत पत्रें घरपोंच आणि विनामूल्य मिळूं लागलीं, व १८९६ पासून हीच सोय खेड्यापाड्यांकडे वळली. शहरांतल्या पोस्टमनांनीं १८८९ सालीं मिल्वॉकी येथें आपली संघटना स्थापिली. नॅशनल असोसिएशन ऑफ लेटर कॅरिअर्स हें तिचें नांव. आपण ज्या कार्याविषयीं बोलत आहों, तें या संघटनेनें आरंभिलेलें आहे.

रोज एकाच रस्त्यानें जाणाऱ्या माणसास त्या रस्त्यावरचें दुःख दिसल्यावांचून राहत नाहीं. कोणत्या घरचा कर्ता पुरुष कामावरून कमी झाला, कोणती म्हातारी एकटी पडली, हें पोस्टमनास पुष्कळदां शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधीं कळतें. म्हणून तिकडे ठिकठिकाणचे पोस्टमन आपापल्या गांवापुरतें अन्न गोळा करीतच होते. हें विखुरलेलें काम एकत्र आणून देशभर एकाच दिवशीं करावें, असें संघटनेनें मनांत आणिलें. १९९१ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत १० शहरांत प्रयोग करून पाहिला, आणि तो फळास आला. मग देशव्यापी मोहिमेचा काळ ठरवितांना त्यांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली. ज्या संस्था गरिबांस अन्न वांटतात, त्यांनाच त्यांनीं विचारलें. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, नाताळाच्या सुमारास लोकांचीं मनें उदार होतात आणि कोठारें भरतात. परंतु वसंत ऋतु संपत आला म्हणजे तींच कोठारें रिकामीं होऊं लागतात. पुढें उन्हाळ्याची सुट्टी लागली कीं मुलांना शाळेंत मिळणारें जेवणहि थांबतें. म्हणून मे महिना ठरला. देणाऱ्याच्या सणाकडे न पाहतां घेणाऱ्याच्या निकडीकडे पाहून हा दिवस नेमला गेला, हें आपण ध्यानांत ठेवावें.

१५ मे १९९३ रोजीं पहिली देशव्यापी मोहीम झाली. त्या एका दिवसांत १ कोटि १० लक्ष पौंडांहून अधिक अन्न जमलें. पौंडास आपले आजे रत्तल म्हणत. आजच्या हिशेबानें तें सुमारें ५० लक्ष किलो होतें. २०१० सालीं सर्व वर्षांची मिळून बेरीज १०० कोटि पौंडांच्या पलीकडे गेली. २०२० सालीं महामारीमुळें घरोघरचें संकलन बंद ठेवावें लागलें. २०२२ च्या मे महिन्यांत तें पुन्हां सुरू झालें. या मोहिमेस ‘स्टँप आउट हंगर’ असें नांव आहे. त्यांत एक कोटी आहे: स्टँप म्हणजे टपालाचें तिकीट, आणि स्टँप आउट म्हणजे पायाखालीं तुडवून नाहींसें करणें.

हें जमलेलें अन्न जातें कोठें? तें त्याच भागांतल्या अन्नछत्रांत आणि फूड बँकेंत, म्हणजे अन्नाच्या पेढींत जातें. या पेढीची हकीकत आपण अवश्य ऐकावी, कारण ती एका कॅथलिक धर्मग्रामाच्या आश्रयानें जन्मास आली. ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहरीं जॉन व्हॅन हेंगेल नांवाचे एक गृहस्थ संत व्हिन्सेंट दी पॉल मंडळीच्या भोजनगृहांत सेवा करीत असत. तेथें त्यांची एका स्त्रीशीं गांठ पडली. दुकानांमागें टाकलेल्या जिनसांतून चांगलें तें निवडून ती आपल्या मुलांचीं पोटें भरीत असे. तिनें त्यांना सुचविलें कीं, लोक पेढींत पैसा ठेवितात, तसें हें टाकून दिलें जाणारें अन्न ठेवण्याची जागा असावी, म्हणजे ज्यास गरज असेल त्यास तेथून नेतां येईल. व्हॅन हेंगेल यांनीं ही गोष्ट सेंट मेरीज या धर्मग्रामापुढें मांडली. धर्मग्रामानें एक पडीक इमारत आणि ३,००० डॉलर दिले, आणि १९६७ सालीं सेंट मेरीज फूड बँक उघडली. जगांतील पहिली अन्नपेढी ती हीच. पहिल्याच वर्षीं तिनें २ लक्ष ७५ हजार पौंड अन्न वांटलें. एका धर्मग्रामाची पडीक इमारत आणि एका उपाशी आईची सूचना, एवढ्या भांडवलावर हें उभें राहिलें. ती सूचना कोणा विद्वानास सुचली नव्हती. भुकेनें जिला शिकविलें होतें, तिला ती सुचली. आणि मोठेपणा त्या गृहस्थांचा असा कीं, त्यांनीं तिचें ऐकून घेतलें.

आतां मोहिमेच्या दिवसाकडे वळूं. कांहीं दिवस आधीं टपालांतूनच घरोघर सूचनापत्र येतें. शनिवारीं पोस्टमन यावयाच्या आधीं गृहिणी एका पिशवींत टिकाऊ जिन्नस भरून ती पत्रपेटीजवळ ठेवते. पोस्टमन आपलें नेहमींचें टपाल वांटीत वांटीत त्या पिशव्या गाडींत घालतो. गाडी भरली कीं रिकामी करावी आणि पुन्हां वाटेस लागावें, असें चालतें. टपालकचेरीजवळ स्वयंसेवक पिशव्या उतरून घेतात. मग माल वजन करून, निवडून, कोठारांत लावला जातो. पोस्टमनची पाठ त्या दिवशीं अधिक दुखते, हें खरें. परंतु कोठें नवी कचेरी उघडावी लागत नाहीं, कीं नवा रस्ता शोधावा लागत नाहीं.

पिशवींत मुख्यत्वें पत्र्याचे डबे असतात: भाज्या, कडधान्यें, मासे, सूप इत्यादि. फ्रान्स देशाच्या निकोला अपेर यांनीं १८१० सालीं आपली रीत प्रसिद्ध केली. अन्न भांड्यांत घालून, तोंड घट्ट बंद करून, तें भांडें उकळत्या पाण्यांत ठेवावें, म्हणजे अन्न नासत नाहीं. अपेर काचेच्या बाटल्या वापरीत. त्याच वर्षीं इंग्लंडांत पीटर ड्युरँड यांनीं कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यांचें पेटंट घेतलें. अन्न कां टिकतें, याचें कारण पुढें पाश्चरच्या संशोधनानें कळलें: उष्णतेनें जंतु मरतात आणि बंद डब्यांत नवे शिरत नाहींत. असा डबा फुटत नाहीं, सांडत नाहीं, बर्फ मागत नाहीं, आणि महिनेच्या महिने वाट पाहूं शकतो. म्हणून तो पोस्टमनच्या गाडीस सोयीचा.

तरी येईल तो डबा घेतात, असें मात्र नाहीं. मुदत संपलेला, गंज चढलेला किंवा फुगलेला डबा चालत नाहीं. फुगलेल्या डब्यांत असा जंतु वाढलेला असूं शकतो कीं, त्याच्या विषाचा लेशहि प्राण घेण्यास पुरे. काचेची बरणी नको, कारण ती फुटते. घरीं भरलेले डबेहि नकोत, कारण त्यांस पुरेशी उष्णता मिळाली कीं नाहीं, याची हमी कोण देणार? हे नियम आरोग्याचे आहेत, परंतु त्यांतून दानधर्माचाहि एक नियम निघतो. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यांत जें वर्षानुवर्षें पडून आहे, जें आपल्या मुलाच्या ताटांत वाढण्यास आपला हात धजत नाहीं, तें पिशवींत टाकणें म्हणजे घर झाडणें झालें. त्यास दान म्हणूं नये. निवडणारा स्वयंसेवक तें बाजूस काढून फेकून देतो आणि त्याचे श्रम तेवढे वायां जातात. जें आपण स्वतः आज रात्रीं आनंदानें जेवलों असतों, तेंच द्यावें.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या डब्यावर देणाऱ्याचें नांव नसतें. घेणारी आई कोणाची डबा आहे हें जाणत नाहीं, आणि देणाऱ्या घरास ती आई कोण हें कळत नाहीं. रस्त्यांत दोघी भेटल्या तर एकीस मान खालीं घालावी लागत नाहीं, आणि दुसरीस ती ताठ करण्याचें कारण राहत नाहीं. डाव्या हातास उजव्या हाताचें कृत्य कळूं नये, असें जें प्रभूनें शिकविलें, तें येथें एका साध्या व्यवस्थेनें साधलें आहे.

कोणी म्हणेल, वर्षांतून एक पिशवी देऊन का भूक मिटते? मिटत नाहीं, हें मी मान्य करितों. कष्टकऱ्यास पोटापुरती मजुरी आणि म्हाताऱ्यास आधार मिळाला पाहिजे. त्या न्यायाची जागा कोणताहि डबा भरून काढणार नाहीं. ही मोहीम चालविणारी संघटना स्वतः कामगारांचीच आहे. मजुरीचें महत्त्व तिला कोणीं शिकवावयास नको. तरीहि तिनें पिशवी उचलली, कारण न्याय येईपर्यंत मुलास आज संध्याकाळीं जेवावयाचें असतें.

आतां आपल्याकडे पाहूं. आपण डबाबंद अन्नावर जगणारे लोक नव्हों, आणि त्यांची नक्कल करा, असेंहि मी म्हणत नाहीं. परंतु भरलेलें घर आणि रिकामें घर यांमधली वाट आपल्याकडेहि बहुधा कोणी चालत नाहीं. देण्याची इच्छा पुष्कळांस असते. कोणाकडे द्यावें, केव्हां द्यावें, कोण नेईल, इतक्यांतच ती विरून जाते. अमेरिकेंतल्या पोस्टमनांनीं ओळखलें कीं, आपण ती वाट रोज चालतच आहों. मग येतांना हात रिकामे कां असावे?

या महोत्सवाची स्मरणिका छापून झाली म्हणजे आपले तरुण ती प्रत्येक घरीं नेऊन देतील. त्यांच्या हातीं एक एक रिकामी पिशवीहि असूं द्या. प्रत्येक घरानें तींत तांदूळ, डाळ, तेल, गूळ, जें स्वतः खातों त्यांतलें, बांधून आणि चिठ्ठीवर नांव न लिहितां घालावें. पावसाळ्यांत मजुरी थांबते आणि हातावर पोट असलेल्यांची चूल मंदावते. त्या आधीं हें धान्य त्यांच्या घरीं पोंचेल, अशी तजवीज करावी. आणि कोणास काय हवें, हें आपण ठरवूं नये. फीनिक्सच्या त्या आईचें जसें ऐकून घेतलें गेलें, तसें आधीं विचारावें. पुस्तक दारीं येईल त्या दिवशीं पोस्टमनची आठवण ठेवा, आणि त्या मुलास रिकाम्या हातीं परत धाडूं नका.

परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.