सनद आपोआप जात नाही

अपघाताच्या भरपाईचे अशिलाचे पैसे वकिलानेच ठेवून घेतले. अमानतीत खयानत. कोर्टाने शिक्षाही दिली. मग त्याची सनद गेलीच, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही.

१९६१च्या वकील कायद्याचं कलम २४-अ नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातल्या दोषीला नवी सनद नाकारतं, तेही सुटकेनंतर दोन वर्षंच. आधीपासून सनद असलेल्याबद्दल ते गप्प. ही बंदी त्यालाही लागू होते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये महिपालसिंह राणा प्रकरणात म्हटलं; पण मुदत तीच, दोन वर्षं!

नाव कायमचं काढायचं तर कलम ३५. अर्धापूरहून तक्रार जाते महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे. वर्षभरात निकाल लागला नाही, तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जातं.

शिक्षा कशाची, हे मात्र पाहा. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर गांधीजींचं नावही इनर टेम्पलने १९२२मध्ये काढलं होतं. १९८८मध्ये परत घेतलं. बेवा बाईची भरपाई खाणं वेगळं.

‘आपलाच माणूस आहे, जाऊ द्या’ म्हणणारे भेटतीलच. ती बाई कोणाची, एवढं त्यांना विचारा. आणि तक्रारीसोबत निकालाची प्रमाणित प्रत जोडा, पोस्टाची पावती जपून ठेवा.