बिल्ला कानात, नोंद कुठं?



आपल्या गुरांच्या कानात बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला आहे. लस, विमा, बाजारातली खरेदी-विक्री, एवढ्यापुरताच तो आपण धरतो. पण त्याचा मोठा उपयोग पैदाशीला आहे. गाय कोणत्या वळूच्या कांडीनं भरवली, कधी व्याली, काय झालं, लेकीनं पहिल्या वेताला किती दूध दिलं, हे त्या नंबरापुढं चढलं पाहिजे. एका वळूच्या पुष्कळ लेकींचा हिशेब जुळला म्हणजे वळूची किंमत कळते. वळू काही दूध देत नाही. त्याची परीक्षा लेकींच्या चरवीत होते.

आणि आपल्याकडं काय चालतं? गाय माजावर आली की माणूस येतो, हाताला लागेल ती कांडी काढतो, पैसे घेतो, जातो. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. किती जणांनी वाचला? तो वाचत नाही म्हणून बापच लेकीला लागतो आणि कुणाला पत्ता नसतो. रिकामी कांडी मागून घ्या. ‘भारत पशुधन’वर नोंद आपल्या डोळ्यांदेखत करायला लावा.

५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमला ‘गौचिप’ जाहीर झाली. जनुकं तपासून वासराचा वकूब आधीच ताडायचा. मी शेतकीचा पदवीधर, विज्ञानाशी माझं भांडण नाही. पण चिपचा अंदाज नोंदींवर उभा असतो. नोंद नुसती लिटरची, तर पारखही लिटरचीच. माण-आटपाडीचा खिल्लार भर उन्हात नांगर ओढतो, दुष्काळात कडब्यावर तगतो. त्याला रकानाच नसेल तर संगणकाच्या लेखी तो नापास! तो रकाना आपणच मागायचा.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गॅरोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणला. एडक्यात तो आहे की नाही हे रक्त तपासून लहानपणीच कळतं. त्याच्या लेकी विण्याची वाट बघावी लागत नाही. काम अस्सल आहे. मात्र जुळ्यांच्या आईला खुराक जादा लागतो. कळप घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या मेंढपाळाला ते झेपेल का, हे प्रयोगशाळेनं नव्हे, त्यानं ठरवायचं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं एका जनावराची वही आणावी. बिल्ल्याचा नंबर, वळूचा नंबर, विण्याची तारीख, महिन्यातून एकदा दोन्ही वेळचं मोजलेलं दूध. बैल असेल तर दिवसाला किती रान नांगरलं आणि किती कडबा खाल्ला, तेही लिहा.