बोरीची राख आणि शहरातली धूळ

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आम्ही हवेतल्या धुळीविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, वर्धापनदिनाला हा कसला विषय? पण बघा, आपल्यापैकी बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी पुण्याला, पिंपरी-चिंचवडला, चाकणला नाहीतर मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेलं आहे. सणासुदीला ही माणसं गावी येतात तेव्हा सोबत खोकला घेऊन येतात. आपण म्हणतो, "हवापाण्यात बदल झाला, होईल बरं." हा खोकला कशाचा आहे, तो आज समजून घेऊ.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. बोरी बुद्रुकचं नाव जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांना माहीत आहे. कुकडीच्या काठाला मातीच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात या राखेचा आणि तिच्याबरोबर मिळालेल्या आदिमानवाच्या दगडी हत्यारांचा अभ्यास केला. आपल्याकडे तर त्या काळात पेटता ज्वालामुखी नव्हता. मग राख आली कुठून? तिच्यातल्या काचेच्या बारीक कणांची तपासणी झाली आणि ते इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या राखेशी जुळले. ही राख नेमक्या कोणत्या स्फोटातली, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून फार जुन्या, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. पण ती आकाशातून आली, तीन हजार किलोमीटरहून लांबून आली, आणि मग पावसापाण्याने वाहून नदीकाठी साठली.

यातून आपण काय घ्यायचं? तर हवेत उडालेला कण जिथे उडाला तिथेच राहत नाही. गावाची शीव त्याला अडवत नाही.

आता शहराकडे वळू. रस्त्यावरची जी धूळ डोळ्यांना दिसते, कपाळावर बसते, ती त्रासदायक खरी; पण नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव तिच्यातली बरीचशी अडवतात. शिंक येते, खोकला येतो, ती बाहेर पडते. खरा धोका न दिसणाऱ्या धुळीचा आहे. शास्त्रज्ञ तिला पीएम २.५ म्हणतात. म्हणजे काय तर ज्या कणाची जाडी अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी आहे, असा कण. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन होतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याएवढा हा कण. तो दिसणार कसा?

हे कण येतात डिझेलच्या धुरातून, कारखान्यांच्या धुराड्यांतून, कोळशातून, जळत्या कचऱ्यातून, लाकूडफाट्याच्या धुरातून. बांधकामाची आणि रस्त्याची धूळ जाड कणांची जास्त, पण तिच्यातही बारीक कण असतातच. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन खालीच राहते. वर जाणारी वाट बंद झाल्यासारखी होते. म्हणून थंडीतल्या सकाळी धूर साचून राहिलेला दिसतो.

हे कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत, जिथे रक्तात प्राणवायू मिसळतो तिथपर्यंत जातात. अगदी बारीक असतील ते रक्तातही उतरतात. म्हणून हा नुसता छातीचा आजार राहत नाही. दमा बळावतो, फुप्फुसं कायमची कमजोर होतात, हृदयविकाराचा झटका आणि अर्धांगवायू यांचा धोका वाढतो. गरोदर बाईच्या पोटातलं बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. लहान मुलांची फुप्फुसं वाढीच्या वयात असतात, त्यांना तर जास्तच जपायला हवं.

हे कुणाच्या मनाचं सांगणं नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडन शहरावर पाच दिवस धूर आणि धुकं साचलं. त्यात सुमारे चार हजार माणसं दगावली असं त्या वेळी धरलं गेलं. पुढच्या अभ्यासांत हा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या दूषित हवेला कर्करोगाचं कारण म्हणून जाहीर केलं. २०१९ या एका वर्षात बाहेरच्या दूषित हवेमुळे जगात सुमारे ४२ लाख माणसं अकाली गेली, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

आपल्या देशाने २००९ साली मर्यादा घालून दिली: एक घनमीटर हवेत पीएम २.५ ची वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली मर्यादा ५ वर आणली. म्हणजे आपल्याकडे जी हवा कायद्याने चालते, ती त्यांच्या मापाच्या आठपट धुळीची असू शकते.

आता मुद्द्याचं बोलतो. हवा सर्वांची, असं आपण म्हणतो. पण धूळ सर्वांच्या वाट्याला सारखी येते का? पहाटे रस्ता झाडणारा कोण? बांधकामावर सिमेंटच्या गोण्या फोडणारी, खडी क्रशरवर राबणारी, दिवसभर चौकात रिक्षा घेऊन उभी असणारी माणसं कोण? ती आपली आहेत. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने होणाऱ्या सिलिकोसिस या आजारावर आजही बरं करणारं औषध नाही, आणि अशा माणसाला क्षयरोग लवकर गाठतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबईतल्या देवनारच्या कचराभूमीला मोठी आग लागली. धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, जवळच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर आधी कुणाच्या घरात शिरला? गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत.

म्हणून ही गोष्ट हक्काचीही आहे. बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेल्या संविधानाचं २१ वं कलम जगण्याचा हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात स्पष्ट म्हटलं की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा त्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा कामावर पाणी मारून धूळ बसवा, चांगला मास्क द्या, असं मुकादमाला सांगणं ही भीक नव्हे. नुसता रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत; नाकातोंडाला घट्ट बसणारा एन ९५ मास्क लागतो.

पण सगळं सरकारवर आणि मालकावर ढकलूनही भागायचं नाही. घरातलंही बघू या. कोंदट खोलीत चुलीपुढे बसणाऱ्या आयाबायांनी जन्मात विडी ओढलेली नसते, तरी त्यांची फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी होतात. गॅस असेल तर "सिलिंडर पुरवून वापरू" म्हणून बाजूला ठेवू नका. निदान रोजचा स्वयंपाक तरी त्यावर करा. चूल पेटवावीच लागली तर उघड्यावर पेटवा आणि लेकरू काखेत घेऊन तिच्यापुढे बसू नका. डासांची एक कॉइल बंद खोलीत जळली तर पाऊणशे ते सव्वाशेहून अधिक सिगारेटींएवढे बारीक कण सोडते, असं संशोधन आहे. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. दिवाळीतली सापाची गोळी पोरांना निरुपद्रवी वाटते, आवाज नाही, ठिणगी नाही. पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने तपासलेल्या फटाक्यांत सगळ्यात जास्त बारीक कण तिनेच सोडले.

आपली आजी सडा टाकून मगच अंगण झाडायची. ते शास्त्रशुद्धच होतं. ओल्या जमिनीवरची धूळ उडत नाही. प्लॅस्टिक मात्र कुणी जाळू नये. आणि उसाचं पाचट पेटवण्याऐवजी सरीत कुजू दिलं तर जमिनीला खत मिळतं आणि धूरही वाचतो. गावची हवा स्वच्छ म्हणून शहरातून माणूस इथे येतो, त्याला इथेही धूरच द्यायचा का?

आपल्या विहाराचंही सांगतो, राग मानू नका. वंदनेच्या वेळी अगरबत्तीचे जुडगे आणि ओळीने मेणबत्त्या लावून दारंखिडक्या बंद ठेवू नयेत. एक मेणबत्ती, एक अगरबत्ती आणि उघडी खिडकी, एवढ्याने वंदनेत काही कमी पडत नाही. पुढच्या ओळीत म्हातारी माणसं आणि लेकरं बसलेली असतात.

शेवटी एवढंच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल त्याने बेडक्याची तपासणी करून घ्यावी, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. शहरातल्या पोरांनी केंद्रीय मंडळाचं 'समीर' हे ॲप मोबाइलवर घेऊन रोजची हवा बघावी आणि वाईट दिवशी घरच्या म्हाताऱ्यांना, दमेकऱ्यांना बाहेर पाठवू नये. आणि विहाराच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती की, येत्या वर्षात घरोघर जाऊन दोन याद्या कराव्यात: कोणत्या घरात अजून रोज चूल पेटते, आणि कोणत्या घरातलं माणूस धुळीच्या कामावर जातं. त्या याद्या हाती असल्या की गॅससाठी कुणाकडे अर्ज करायचा आणि तपासणीला कुणाला न्यायचं, हे पुढच्या बैठकीतच ठरवता येईल.