बोलण्याची भीती आणि जोडीचा सराव

(एकोडी, जि. भंडारा येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपली मुले इंग्रजीचा धडा पाठ करतात, उत्तरे लिहितात. परंतु कोणी त्याच भाषेत नाव-गाव विचारले की मान खाली घालतात. पालक म्हणतात, पोराला इंग्रजी येत नाही. हे निदान मला मान्य नाही. त्याच्यावर बोलण्याची पाळीच कधी आलेली नाही, हे खरे कारण होय.

साधा हिशेब करा. वर्गात 40 मुले आणि तास 40 मिनिटांचा. गुरुजी स्वतः गप्प राहिले तरी एकेकाच्या वाट्याला एकच मिनिट येते. उलट 20 जोड्या केल्या, तर अवघ्या दहा मिनिटांत प्रत्येक मूल पाच मिनिटे बोलते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ते म्हणजे हसे होण्याचे भय. आपल्या घरची भाषा झाडीबोली. तीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला शाळेत हसतात, आणि ते मूल तेथेच मुके होते. म्हणजे पुस्तकी मराठी हीच त्याची दुसरी भाषा. इंग्रजी तर तिच्याही पलीकडची. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली, परंतु पुस्तक हाती आल्याने भय जात नाही.

जोडीत ऐकणारा एकच असतो, आणि पुढच्या क्षणी बोलण्याची पाळी त्याची असते. म्हणून तो हसत नाही. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे. मग पाळी बदलावी. प्रथम नाव-गाव, नंतर घरची रोवणी, बाजार, आवडता खेळ. बोलणाऱ्याला मध्येच अडवू नये. चुका शेवटी गुरुजींनी सर्वांना मिळून सांगाव्यात, कोणाचे नाव घेऊ नये. पुढे दोन जोड्या एकत्र कराव्यात, आणि मग वर्गापुढे उभे राहावे.

मात्र एक दक्षता घ्या. जोड्या मुलांच्या मर्जीवर सोडू नका. तसे केल्यास एका मोहल्ल्याची मुले एकत्र बसतील आणि गावातील भिंत वर्गातही उभी राहील. दर आठवड्यास जोडी बदलली पाहिजे. जो दुसऱ्याचे ऐकून घेण्यास शिकतो, तोच त्यास आपल्या बरोबरीचा मानू लागतो.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने मिळविली. 1930 साली लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांची कैफियत मांडली, ती इंग्रजीत. परकी भाषा त्यांच्या हाती हक्काचे साधन झाली.

आपल्या मुलांनाही उद्या कचेरीत, न्यायालयात, मुलाखतीत आपले म्हणणे स्वतः मांडावयाचे आहे. तेथे त्यांच्यासाठी दुसरा कोणी बोलणार नाही. तेव्हा गुरुजींनी रोज दहा मिनिटे द्यावीत, आणि पालकांनी संध्याकाळी विचारावे, “आज तू कोणाशी बोललास?” एवढेच माझे मागणे आहे.

जयभीम.