१७१ दिवसांचा हिशोब

(अंबरनाथ इथे युवकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेलं थोडं लिहिताना घातलं आहे.)



मला सांगितलं होतं, कंत्राटी कामावर बोल. मी बोलणार आहे बेसबॉलवर. हसू नका. उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवरून, बुवापाड्यातून, बदलापूरच्या माणकिवलीतून आलेल्या पोरांना अमेरिकेतला दांडूचा खेळ कशाला, असं वाटेल. पाच मिनिटं कळ काढा. आपल्याच गेटवरची गोष्ट निघेल.

बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ. तिथल्या वरच्या लीगचा कायदा असा की पोरगा पहिल्यांदा मैदानात उतरला की सहा वर्षं तो त्याच क्लबचा. पहिली साधारण तीन वर्षं क्लब देईल तो पगार, फक्त ठरलेल्या किमान रकमेच्या खाली नाही. पुढची तीन वर्षं लवादापुढे जाऊन भांडायची मुभा. सहा वर्षं पुरी झाली की मोकळा. मग बाजारात उभा राहायचं, जो जास्त देईल त्याच्याकडे जायचं. अशा मोकळ्या झालेल्या हुआन सोतो नावाच्या खेळाडूला २०२४ च्या डिसेंबरात १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळाला. आणि नव्या पोराचा २०२५ सालचा किमान पगार किती? ७ लाख ६० हजार डॉलर.

आता खरी मेख ऐका. तिथं नोकरीचं 'एक वर्ष' म्हणजे १७२ दिवस. २०१५ साली शिकागो कब्ज या क्लबकडे क्रिस ब्रायंट नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा होता. सरावाच्या सामन्यांत चेंडू मैदानाबाहेर भिरकावत होता. तरी हंगामाच्या सुरुवातीला त्याला खालच्या लीगमध्ये धाडला. कारण काय सांगितलं? फिल्डिंग अजून कच्ची आहे. बारा दिवसांत फिल्डिंग पिकली बहुतेक, कारण १७ एप्रिलला त्याला वर बोलावलं. हंगाम संपला तेव्हा त्याच्या खात्यात दिवस भरले १७१. एक दिवस कमी. वर्ष भरलं नाही. म्हणजे सहा वर्षांची सात झाली. २०१६ साली हाच पोरगा त्याच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, क्लबनं १०८ वर्षांनी अजिंक्यपद जिंकलं, आणि त्याचा पगार होता साडेसहा लाख डॉलर. त्यानं दाद मागितली. २०२० साली लवादानं निकाल दिला: क्लबचं चुकलं नाही.

एक दिवस, मित्रांनो. आता सांगा, ही गोष्ट अमेरिकेची आहे की आनंदनगर एमआयडीसीची?

वीस वर्षांचा असताना मी इथल्याच एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागलो. नाव घेत नाही, नाव घेऊन काय, तुमच्यातल्या निम्म्यांनी तेच गेट पाहिलंय. त्या वेळी कायद्यात २४० दिवसांची गोष्ट होती. वर्षात २४० दिवस भरले की सलग नोकरी धरायची, मग कामावरून काढताना नोटीस द्या, भरपाई द्या. माझी हजेरी २२८ वर आली आणि ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "उद्यापासून ब्रेक." पंधरा दिवस घरी बसलो. मग त्याच गेटातून, त्याच मशीनवर, पण दुसऱ्या ठेकेदाराच्या कार्डावर आत गेलो. नव्या कार्डावर हजेरी पुन्हा एकपासून. शेजारच्या मशीनवर परमनंट काका. माल सारखाच निघायचा. उलट माझा चार नग जास्तच, कारण मला दाखवायचं होतं ना, की मी परमनंट व्हायच्या लायकीचा आहे! या आशेवरच तर आपल्याला पिळतात.

तुम्ही म्हणाल, साडेसहा लाख डॉलर घेणाऱ्याचं रडगाणं आम्ही का ऐकायचं? बरोबर आहे. मग त्याच्या खालची पायरी बघा. वरच्या लीगच्या खाली हजारो पोरं छोट्या गावांत खेळतात. २०२२ सालापर्यंत यातल्या खालच्या गटाला वर्षाला किमान ११ हजार डॉलर मिळायचे. त्या देशाच्या सरकारी दारिद्र्यरेषेच्याही खाली. सरावाच्या महिन्यांचा पगार नाही. त्या पोरांनी २०१४ साली कोर्टात दावा लावला, तर मालकांनी २०१८ साली किमान वेतनाच्या कायद्यातून या पोरांना वगळणारी सवलतच संसदेकडून पदरात पाडून घेतली. ही झाली तिथली आपली माणसं.

आणि इथे? लांब जाऊ नका, विठ्ठलवाडीच्या पुढचं स्टेशन कल्याण. कल्याणचा तुषार देशपांडे २०२३ साली चेन्नईकडून आयपीएल खेळला. बोली २० लाखांची. १६ सामन्यांत २१ बळी घेतले, त्या संघात सगळ्यांत जास्त. संघ अजिंक्य झाला. त्याच संघात त्याच साली बेन स्टोक्स होता, १६ कोटी २५ लाखांचा. तो खेळला दोन सामने. माणूस जायबंदी होता, त्याच्यावर राग नाही. पण हिशोब मांडा ना: ऐंशीपटीपेक्षा जास्त. देशपांडेला बाजारात पुन्हा उभं राहायला मिळालं २०२४ च्या नोव्हेंबरात, तेव्हा राजस्थाननं साडेसहा कोटी मोजले. म्हणजे त्याची किंमत नव्हती असं नाही. किंमत होती, ती सांगायची त्याला मुभा नव्हती.

नव्या पोरांसाठी 'अनकॅप्ड' असा स्वस्त खण आहे. त्यात कोणाला बसवावं? २०२४ साली नियम पुन्हा आणला की पाच वर्षं देशाकडून न खेळलेला भारतीय खेळाडूही अनकॅप्ड. त्या खणात महेंद्रसिंग धोनीला ४ कोटींत ठेवून घेतला. नवखेपणाची सवलतसुद्धा मालकाच्या सोयीनं म्हाताऱ्याला!

आयपीएलचे प्रक्षेपणाचे हक्क २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटींना गेले. वर्षाला सरासरी साडेनऊ हजार कोटींच्या वर. आणि २०२५ साली दहा संघांनी मिळून लिलावासाठी खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा १,२०० कोटी. रुपयातले बारा-तेरा पैसे. यावर भांडायला खेळणाऱ्यांची मान्यताप्राप्त युनियन नाही. २०१९ साली संघटना निघाली ती निवृत्तांची. गेटाबाहेर पडल्यावर युनियन!

या देशात खेळाडूचा घाम स्वस्तात घ्यायची रीत जुनी आहे. पळवणकर बाळू. चांभाराचा पोरगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी लाटायचा, जाळी बांधायचा आणि साहेबांना तासन् तास गोलंदाजी टाकायचा. हिंदू संघाला जिंकायला त्याचा डावा हात चालला, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. कप्तानी मिळाली का? नाही. ती १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाली. म्हणजे आमचा दिवस भरत नाही तो फक्त रजिस्टरात नाही. पिढ्यान् पिढ्या १७१ वर थांबवलाय आम्हाला.

आता बेसबॉलची साखळी तुटली कशी ते सांगतो, कारण ती तोडायला उभा राहिला तो काळा माणूस. कर्ट फ्लड. तेव्हा सहा वर्षांचीही मुदत नव्हती, खेळाडू जन्मभर क्लबच्या मालकीचा. १९६९ साली सेंट लुईसच्या क्लबनं त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकला. त्यानं बेसबॉलच्या प्रमुखाला पत्र लिहिलं, की बारा वर्षं खेळल्यावर मी विकायची-विकत घ्यायची वस्तू आहे असं मला वाटत नाही. त्याचा पगार होता ९० हजार डॉलर. लोक म्हणाले, एवढं मिळतं तरी गुलामीची भाषा? तो म्हणाला, पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ जून १९७२ ला तो हरला. त्याच साली इथे मुंबईत, तिथल्या काळ्या पँथरांचं नाव घेऊन दलित पँथर उभी राहत होती. फ्लडचं करिअर संपलं. पण खेळाडूंची युनियन त्याच्या मागे उभी होती. १९७५ च्या डिसेंबरात दुसऱ्या दोघांच्या दाव्यात लवादानं ती जन्मठेप मोडली.

इथवर टाळ्या वाजवायला हरकत नाही. पुढचं मात्र गिळायला कडू आहे.

१९७६ साली युनियननं मालकांशी करार केला आणि त्यात सहा वर्षांची अट स्वतः मान्य केली. सगळेच दरवर्षी बाजारात आले तर भाव पडेल, हा हिशोब मालकाचा नव्हता, युनियनच्या नेत्याचा होता. थोडे सुटले, त्यांचा भाव चढला. नवी पोरं दावणीलाच राहिली. मालकानं दोन रांगा केल्या हे खरं, पण त्यावर सही आपल्या माणसाचीही होती.

आपल्याकडे वेगळं आहे का? या पट्ट्यात किती करार झाले. परमनंटला वाढ, परमनंटला बोनस, आणि कंत्राटी पोरांचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. कधी तर असा सौदा की जुन्यांचं जसंच्या तसं, नवे लागतील ते कमी पगारावर. काका पेढे वाटतो. त्याच काकाचा पोरगा त्याच गेटावर ठेकेदाराच्या रांगेत उभा असतो! केंद्र सरकारच्या नोकरीतही तेच: १ जानेवारी २००४ पासून लागलेल्याला जुनी पेन्शन नाही. आपल्या अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये बाप आणि लेक एकाच खात्यात, पण म्हातारपणं दोन. तारीख बघून माणसाची किंमत. जात बघून करायचे, तशीच.

मी काकांना शिव्या द्यायला उभा नाही. काकाची भाकरी काढून आपल्याला मिळणार नाही, मालकाला मिळेल. पण काकाला विचारायला पाहिजे, तोंडावर विचारायला पाहिजे, की पुढच्या मागणीपत्रात माझं नाव कुठे आहे? तिथल्या छोट्या लीगच्या पोरांनी हेच केलं. ज्या युनियननं त्यांना वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं होतं, तिच्याच सभासदत्वाची कार्डं २०२२ साली त्यांनी हजारोंनी भरली. २०२३ साली पहिला करार झाला. ११ हजार डॉलरचे २६ हजार झाले. श्रीमंत झाले का? नाही. पण मोजणाऱ्याच्या समोर बसले.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगतो. आज घरी जाताना बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्या करा. एक वही घ्या. त्यात रोजची हजेरी स्वतःच्या हातानं लिहा: तारीख, पाळी, मशीन, ठेकेदाराचं नाव. उल्हासनगरात नगावर शिवणाऱ्यांनी नग लिहा. कार्ड बदललं, ठेकेदार बदलला तरी वही बदलू नका. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, त्यात स्वतःचा हिशोब लिहायला शिकणंही आलं. आपले दिवस आजवर दुसऱ्यानंच मोजले, म्हणून ते कधी भरले नाहीत.

पुढच्या सभेला या वह्या घेऊन या. सगळ्या एकत्र ठेवू. मग जाऊ काकांकडे, आणि मग काकांना घेऊन गेटावर.

जय भीम.