तुंगनाथाची पाखरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरगावाहून कोणी ना कोणी शिकलेल्या बाई येतात आणि आपण ऐकावयास बसतो. यंदा कार्यकारी मंडळाने ठरविले की, आपल्यापैकीच एकीने काही सांगावे. अध्यक्षबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी आंबोशी वाळत घालीत होते. त्या म्हणाल्या, "तू हिमालयात जाऊन आलीस. चार शब्द बोल." मी म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. मला भाषण कुठले येणार?" त्या म्हणाल्या, "भाषण नको. जे पाहिलेस ते सांग." तेवढ्या भरवशावर मी इथे उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

केदारनाथ-बद्रीनाथाच्या यात्रेची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. ती मी पुन्हा सांगत नाही. त्या वाटेवर तुंगनाथ म्हणून एक डोंगर आहे. तिथे मी जी पाखरे पाहिली आणि तिथे माझ्या हातून जे घडले, तेवढेच सांगणार आहे.

आता पाखरांचा आणि आपला संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. खरे सांगायचे तर पाखरे पाहणे हे आपले काम नव्हेच. पाखरे हाकलणे हे आपले काम! उन्हाळा आला की अंगणात सांडगे, फेण्या, पापड पडतात आणि हातात काठी घेऊन 'हाऽऽ हाऽऽ' करीत आपण दुपार काढतो. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून माझ्या आईने मला हेच काम दिले होते. पितृपक्षात काय ते कावळ्याला बोलावणे जाते. एरवी भारद्वाज दिसला तर हात जोडायचे, बाकीच्यांना काठी दाखवायची. चाळीस वर्षे हेच केले. पाखराकडे निवांत बसून असे मी कधी पाहिलेच नव्हते.

२०२३ सालच्या मे महिन्यात मी आणि माझ्या वन्सं, शेजारपाजारची मंडळी धरून बाराजण यात्रेला निघालो. घरून लगेच परवानगी मिळाली असे नाही. २०१३ सालच्या जून महिन्यात केदारनाथाला जो महापूर आला, तो दूरदर्शनवर सगळ्यांनीच पाहिला होता. आमच्या ह्यांच्या मनातून ते जाईना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अरे, तिचे गुडघे आत्ताच कुरकुरतायत. आणखी पाच वर्षांनी तिला डोलीतून पाठवणार आहेस का?" माझ्या सासूबाईंनी स्वतः पंढरपूरच्या पलीकडे काही पाहिलेले नाही. त्यांनी मला पाठविले, हे मी विसरणार नाही.

केदारनाथाहून बद्रीनाथाकडे जाताना उखीमठावरून एक रस्ता आहे. त्या रस्त्यावर चोपता नावाची लहानशी वस्ती लागते. तिथून तुंगनाथाचे देऊळ सुमारे साडेतीन किलोमीटर. पंचकेदारांपैकी हा तिसरा केदार. देवळाची उंची ३६८० मीटर सांगतात. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी तुंगनाथ वरच राहतो! पण भिण्याचे कारण नाही. चोपत्यापर्यंत गाडी जाते आणि तिथून देवळापर्यंत दगडी फरसबंदीची वाट आहे. ज्यांना चालवत नाही त्यांना खेचर मिळते. एवढ्या उंचीवरची जागा आणि आपल्यासारख्या बाईला साडी सावरीत, काठी टेकीत जाता येते, असे डोंगर फार नसावेत. थंडीत मात्र तिथे बर्फ पडते, देऊळ बंद होते आणि देव खाली मक्कूमठ गावी येऊन राहतात.

आम्ही पहाटेच निघालो. सुरुवातीला रान आहे. तिकडे बुरांश म्हणून झाड असते, त्याची लाल फुले वाटेवर गळून पडली होती. त्या रानात अशी सुरेख शीळ ऐकू आली की मी थबकलेच. आपल्या घाटात पावसाळ्यात ओढ्याकाठी भल्या पहाटे शीळ घालणारे पाखरू आहे ना, शीळकरी कस्तूर, त्याचाच हा हिमालयातला भाऊबंद. अंगाने निळाकाळा, चोच पिवळी. परमुलखात गावचे माणूस भेटावे तसे वाटले.

वर वर जावे तशी झाडे ठेंगणी होत जातात आणि एका ठिकाणी संपतातच. पुढे नुसते गवत. त्या कुरणांना तिकडे 'बुग्याल' म्हणतात. समोर चौखंबा शिखर इतके जवळ दिसते की हात लावावा. दर्शन झाले. मंडळींना आणखी वर चंद्रशिलेच्या टोकावर जायचे होते. ती वाट उभी चढणीची, आणि माझा गुडघा उतरेना, चढेना. वन्सं म्हणाल्या, "तू खाली त्या चहाच्या टपरीवर बैस. आम्ही जाऊन येतो."

मी हिरमुसले. इतक्या लांब येऊन टोक राहिले म्हणून डोळ्यांत पाणीही आले. पण आज वाटते, गुडघा दुखला म्हणून मला ते दिसले.

टपरी एक पहाडी बाई चालवीत होती. माझ्याच वयाची. तिथेच एक तरुण मुलगा गळ्यात दुर्बीण घालून बसला होता. खालच्या गावचा. पक्षी पाहावयास येणाऱ्या लोकांना वाट दाखविणे हाच त्याचा धंदा. त्या दिवशी त्याला गिऱ्हाईक नव्हते. मी एकटी बसलेली पाहून तो म्हणाला, "माताजी, बस चुपचाप बैठिए. सब यहीं आएँगे." आणि खरोखरच एकेक येऊ लागले.

पहिल्याने कावळ्यांसारखे काळे पक्षी आले, पण चोच पिवळीधमक आणि पाय तांबडे. वाऱ्यावर ते असे कोलांट्या घेत होते की जणू पोरे ओढ्यात डुंबताहेत. मग पारव्यांचा थवा गेला. हे पारवे आपल्या देवळातल्यासारखे राखी नाहीत. डोके करडे, मान आणि पोट पांढरे स्वच्छ. मुलाने सांगितले, हे बर्फाळ मुलखातले पारवे. तेवढ्यात डोक्यावरून एक भलीमोठी सावली सरकली. ते दाढीवाले गिधाड. त्याच्या चोचीखाली खरोखरच दाढीसारखी पिसे असतात. ते मोठे हाड उंचावरून खडकावर टाकते आणि फुटलेले तुकडे खाते. आपण नारळ पायरीवर आपटतो, त्यातलाच प्रकार!

गिधाड पाहून मला माझे माहेर आठवले. लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की शंभर गिधाडे उतरत. पुढे ती दिसेनाशीच झाली. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत, आणि तसे ढोर खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होऊन ते मरे, असे पुढे उघडकीस आले. २००६ साली गुरांसाठी ते औषध सरकारने बंद केले. आपण त्यांना काठी मारली नव्हती, दगड मारला नव्हता. आपल्या गोठ्यातल्या औषधाने ती गेली आणि आपल्याला कळलेही नाही.

मग तो आला. उतारावरच्या झुडपातून मोनाल बाहेर पडला. उत्तराखंडाचा हा राज्यपक्षी. भगिनींनो, मी पैठणी पाहिली आहे, मोर पाहिला आहे. पण हा रंग मी पाहिला नव्हता. डोक्यावर मोरासारखा हिरवा तुरा, मान तांब्याची घासून ठेवलेली, पाठ निळी-जांभळी, शेपूट विटकरी. मोर आणि कोंबडी ज्या कुळातली, त्याच कुळातला हा. मुलाने पाच मिनिटे मला दुर्बीण दिली. तेव्हा कळले की तो पायाने उकरीत नाही, चोचीने खणतो. वरची चोच लांब आणि बाकदार, थेट खुरप्यासारखी. आपण करांदे काढतो, तशी तो जमिनीतली कंदमुळे आणि किडे काढून खात होता. ह्या तुऱ्यासाठी पूर्वी तो फार मारला गेला. शेजारच्या हिमाचलात पुरुष टोपीवर त्याचा तुरा मिरवीत. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे.

मी विचारले, "आणि मादी?" तो म्हणाला, "सामने ही है, माताजी. आपने देखा नहीं." पाहिले तर पंधरा पावलांवर ठेंगण्या झुडपाच्या बुडाशी ती बसली होती. मातीच्या रंगाची, गळा पांढरा, डोळ्याभोवती थोडा निळा रंग. बस्स! इतका वेळ मी त्याच दिशेला पाहत होते आणि मला ती दिसली नव्हती. मुलगा म्हणाला, अंडी तीन ते पाच असतात, नुसत्या जमिनीवरच्या खळग्यात. सुमारे सत्तावीस दिवस ती एकटीच उबवते. नर उबवीत नाही. टपरीवाली बाई हसून म्हणाली, "यहाँ भी वही हिसाब है, दीदी!" आम्ही दोघी हसलो. पुढे अर्धा तास कोणी काही बोलले नाही. नर खणीत होता, ती बसली होती, आणि मी पाहत होते.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला संकोच वाटतो.

आमची मंडळी चंद्रशिलेहून गलका करीत उतरली. मोनाल पाहून सगळ्यांनी मोबाईल काढले. तो मान खाली घालून खणीतच होता. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "उडाला पाहिजे, म्हणजे फोटो येईल." त्यांनी टाळ्या वाजविल्या आणि एक खडा उचलून फेकला. नर उडाला. पंख उघडले तशी पाठीवरची पांढरी पिसे चमकली आणि मोठी शीळ घालीत तो दरीत तरंगत गेला. सगळे "वाहवा" म्हणाले. आणि भगिनींनो, मीही टाळ्या वाजविल्या. अर्धा तास गप्प बसलेली मी, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजविल्या.

त्या आवाजाने मादी उठली. फडफडत बाहेर पडली आणि रानाकडे गेली. त्या मुलाने मान खाली घातली. टपरीवाली बाई मला म्हणाली, "दीदी, अंडे होंगे उसके नीचे. इस हवा में कितनी देर गरम रहेंगे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मला माहीत होते की ती तिथे बसली आहे. मंडळींना माहीत नव्हते. ज्याला माहीत त्याने बोलायचे असते. "थांबा, दगड मारू नका," एवढे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मोठ्या माणसांपुढे, पुरुषमाणसांपुढे बाईने कसे बोलावे, ही चाळीस वर्षांची सवय. गाडीवाल्याला घाई होती. उतरताना मी मागे वळून वळून पाहत होते. झुडूप दिसत होते तोवर तरी ती परतली नव्हती. ती नंतर आली का, तिच्या खाली खरोखर अंडी होती का, हे मला ठाऊक नाही.

घरी आल्यावर ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितली. तिने मला जमाल आरा नावाच्या बाईंविषयी वाचून दाखविले. त्या दहावीपर्यंतच शिकलेल्या. पण छोटा नागपूरच्या जंगलात हिंडून त्यांनी पक्ष्यांवर लेख लिहिले आणि १९७० साली नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे पक्षिनिरीक्षणावरचे पुस्तक काढले. मला पुस्तक लिहायचे नाही. पण त्यामुळे एवढा धीर आला की, पाहणे आणि पाहिलेले सांगणे ह्याला फार मोठी शाळा लागत नाही.

यंदा उन्हाळ्यात मी सांडग्यांवर जुने सुती लुगडे ताणून बांधले. काठी कोपऱ्यात ठेवली. दुपारी दारात बसून पाहिले तर कोतवाल, दयाळ, साळुंक्या, एक तांबट, इतकी मंडळी माझ्याच अंगणात येतात! सासूबाईही आता माझ्याबरोबर बसतात. आंब्यावरचे हळद्याचे घरटे त्यांनीच मला दाखविले. म्हणाल्या, "हे दरवर्षी असते. मला वाटले तुला ठाऊक आहे."

आपल्या मंडळाची सहल दरवर्षी निघते. माझी एवढीच विनंती आहे की, यंदा सहलीत एक तास कोणी गाणी लावू नयेत, कोणी हाका मारू नयेत. सगळ्यांनी एका जागी बसून पाहावे. आणि कोणी दगड उचलला, तर जिला माहीत असेल तिने बोलावे. मी त्या दिवशी बोलले नाही, म्हणून आज तुमच्यापुढे बोलले.