पसारा राहू द्यावा अशी जागा

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



गेल्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन आला. म्हणाले, "काकू, तुम्ही नुकतंच घर बदललंत. नवीन घर कसं लावावं ह्यावर पंधरा मिनिटं बोला." मी म्हटलं, "अहो, मी काय इंटिरियरवाली आहे?" तर म्हणाले, "म्हणूनच तर तुम्हाला सांगतोय. इंटिरियरवाला फुकट बोलत नाही." तेव्हा फुकटचं आहे हे लक्षात ठेवून ऐका.

तुम्हाला माहीतच आहे, दोन वर्षांपूर्वी आम्ही ए विंगमधला वन बीएचके विकून बी विंगमध्ये टू बीएचके घेतला. चाळीस पावलांवरचं घर, टेम्पोसुद्धा लागला नाही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी आमची भांडी हातोहात आणली आहेत. तेव्हा आमच्या घरात किती डबे आहेत हे मी सांगायची गरज नाही.

पण एक गोष्ट तुम्ही पाहिली नाहीत. जुन्या घराचा माळा रिकामा करताना अगदी मागून एक गाठोडं निघालं. जुन्या नऊवारीत बांधलेलं. सोडलं तर आत अर्धी शिवलेली गोधडी, आणि धाग्यासकट तशीच टोचलेली सुई. सुई गंजून कापडाला चिकटली होती.

ती गोधडी माझ्या सासूबाईंची. जुन्या सभासदांना त्या आठवत असतील. पझेशन मिळालं तेव्हापासून त्या आमच्याकडे होत्या. दुपारी जेवणं आटोपली की हॉलमध्ये चटई टाकून त्या गोधडी पसरायच्या, आणि चारला मुलं शाळेतून यायच्या आत सगळं गोळा करायच्या. रोज पसरायचं, रोज आवरायचं. दोन तासांच्या कामातला अर्धा तास ह्यातच जायचा. एकदा गडबडीत एक सुई खाली राहिली आणि आमच्या धाकट्याच्या तळपायात घुसून मोडली. डॉक्टरांनी चिरा देऊन तुकडा काढला. मी बँकेतून धावतपळत आले होते, डोकं तापलेलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, आता हा पसारा बंद करा."

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गाठोडं माळ्यावर गेलं. त्यानंतर त्या नऊ वर्षं होत्या. भाज्या निवडल्या, पेपर वाचला, नातवंडांचे अभ्यास घेतले, पण सुई हातात धरली नाही. आणि मला, खरं सांगते, ते लक्षातसुद्धा आलं नाही. गाठोडं सुटलं तेव्हा लक्षात आलं.

चूक सुईची नव्हती, आणि त्यांची तर नव्हतीच. घरात देवाला जागा होती, टीव्हीला जागा होती, वर्षातून दोनदा लागणाऱ्या मोठ्या पातेल्यालाही होती. त्यांचं काम रात्रभर तसंच राहू शकेल अशी जागा मात्र नव्हती. ते काम पसरलेलं दिसलं की आपण त्याला पसारा म्हणायचो.

म्हणून नवीन घर लावताना मी एकच गोष्ट धरून बसले. ज्याच्या हाताला काही करायची आवड आहे, त्याला घरात अशी जागा हवी की अर्धं राहिलेलं काम उद्या सकाळी जिथल्या तिथे सापडेल. मोठी नको, पण कायमची हवी. आता ती आम्ही कशी काढली ते सांगते. चुकाही सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिली गोष्ट, ताबा मिळाल्या मिळाल्या सुताराला बोलावू नका. एक पावसाळा जाऊ द्या. आपल्या डोंबिवलीत पाऊस झोडपतो तो पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून. कोणत्या भिंतीला ओल येते, दुपारचं ऊन कुठपर्यंत शिरतं, हे चार महिने राहिल्याशिवाय कळत नाही. तोवर सामान खोक्यांत राहिलं तरी बिघडत नाही. आमच्या बेडरूमची एक भिंत जूनमध्ये कोरडी होती आणि ऑगस्टमध्ये तिला पोपडे आले. तिथे आधीच कपाट केलं असतं तर आज रडत बसले असते.

आता पुस्तकं. हा विषय आमच्या ह्यांचा. जुन्या घरात ह्यांची पुस्तकं सात पोत्यांत भरून बाथरूमच्या वरच्या माळ्यावर होती. जागाच नव्हती. पोती खाली काढली तर वरच्या सदनिकेतून झिरपलेल्या पाण्याने तीन पोत्यांचा लगदा झाला होता, आणि उरलेल्यातही वाळवीने वाट काढली होती. तीन पोती फेकली. हे स्टुलावर बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. म्हणून पहिला नियम लिहून घ्या. पुस्तकं माळ्यावर नाहीत, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला नाहीत, आणि पावसाच्या भिंतीला तर नाहीतच.

दुसरं, पुस्तकं किती आहेत ते नगांत मोजू नका, फुटांत मोजा. जमिनीवर उभी रांग लावायची आणि टेप धरायची. आमची चौतीस फूट भरली. एका फुटात साधारण बारा ते पंधरा पुस्तकं बसतात आणि त्यांचं वजन दहा किलोच्या आसपास जातं. सुतार म्हणाला, "चार फूट रुंद फळी टाकतो, खोली सोळा इंच." मी नको म्हटलं. पाऊण इंची प्लायची फळी अडीच-तीन फुटांच्या पुढे गेली की पुस्तकांच्या भाराने मध्ये झोळ येतो. आणि सोळा इंच खोली दिली की पुस्तकांच्या दोन रांगा होतात. मागची रांग मग कुणी बघत नाही, ती फक्त कसरीला सापडते. ही कसर बांधणीतल्या खळीवर जगते. जिथे हात फिरत नाही तिथे तिचं राज्य.

आम्ही खोली सव्वानऊ इंच ठेवली. आठ बाय चारच्या शीटमधून तेवढ्या रुंदीच्या पाच पट्ट्या निघतात, वाया काही जात नाही, आणि दिवाळी अंकसुद्धा नीट बसतात. अडीच फूट रुंद, सहा कप्प्यांची अशी तीन कपाटं केली. खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर, म्हणजे लादी पुसताना पाणी लागत नाही. पाठ भिंतीपासून दोन बोटं सुटी, म्हणजे हवा खेळते. बरोबर पंचेचाळीस फूट झाले. अकरा फूट रिकामे राहिले, म्हणून आमचे चिरंजीव म्हणाले, "तिथे शोपीस ठेवा." हे म्हणाले, "हात लावायचा नाही." भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन ह्यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यातला पाचवा, ग्रंथालय हे वाढत जाणारं असतं. ह्यांना तेवढा एकच नियम पाठ आहे, आणि तो ते पुरेपूर पाळतात.

पुस्तकांसाठी कुणी एवढा विचार करतं का, असं वाटेल. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह आठवा. बाबासाहेबांनी ते घर बांधताना पुस्तकांचा विचार आधी केला. राहायचं खाली आणि ग्रंथालय वर. आपण काही बाबासाहेब नाही, आपल्याला तीन कपाटं पुरतात. पण घराचा नकाशा करताना पुस्तकांची आठवण आधी यावी, एवढं तर आपण त्यांच्याकडून घेऊ शकतो.

आता शिवणटिपण. धाकट्या बेडरूममध्ये आम्ही बेड टाकला नाही. पाहुणे आले की गादी घालतो. तिथे आमचं जुनं डायनिंग टेबल ठेवलं, चार बाय अडीच फुटांचं. ते भंगारात द्यायचं ठरलं होतं, बरं झालं दिलं नाही. त्यावर जे पसरलंय ते पसरलेलंच राहतं, जेवणासाठी कुणी उचलायचं नाही, हा घरचा कायदा. कापडं, लोकर, रुखवताचं सामान, आकाशकंदिलाचे कागद, सगळं पारदर्शक डब्यांत. झाकणाच्या डब्यांत आपण वस्तू ठेवतो आणि विसरतो, मग तीच वस्तू पुन्हा विकत आणतो. माझ्याकडे सात कात्र्या निघाल्या.

आणि सुया. सुयांचा हिशोब मी बँकेतल्या कॅशसारखा ठेवते. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक टेबलावर ठेवलंय, काम संपलं की ते टेबलावरून आणि खालच्या लादीवरून फिरवायचं. दाराला वर कडी लावली आहे. नात आली की कडी. इतकं सोपं होतं हे. त्या वेळी सुचलं नाही.

तिसरी जागा माझी, लिहायची. इंग्लंडच्या व्हर्जिनिया वुल्फ ह्या लेखिकेने १९२८ साली केंब्रिजच्या मुलींसमोर भाषणं दिली, पुढच्या वर्षी त्यांचंच पुस्तक झालं. त्यात तिने लिहिणाऱ्या बाईसाठी वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली मागितली. मी पाचशे पौंड मागत नाही, खोलीही मागत नाही. मी साडेतीन फूट मागितले. खिडकी आणि कपाट ह्यांच्या मध्ये तेवढी जागा उरत होती. सुतार तिथे ड्रेसिंग टेबल करणार होता. मी म्हटलं, आता ह्या वयात आरशात बघण्यासारखं काय राहिलंय? त्याच जागी फळी लाव. उंची अडीच फूट, खोली दीड फूट, उजेड डाव्या हाताने येईल असा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. एक प्लग पॉइंट आणि किल्ली लागणारा एक खण. किल्ली कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. काही गुपित नाही. पण वही कुणी उघडून बघणार असेल तर हात आपोआप गोड गोड लिहितो.

मी काय लिहिते? सुरुवात त्या गोधडीपासून झाली. एक दिवस टेबलावर ती पसरली आणि बघत बसले. कापडाचे त्रेचाळीस तुकडे आहेत. हा ह्यांच्या शाळेच्या सदऱ्याचा, हा माझ्या पहिल्या मंगळागौरीच्या पातळाचा, हा नणंदेच्या परकराचा. म्हटलं, लिहून ठेवू. ह्यांना विचारलं, नणंदेला फोन केले, गावाकडच्या चुलत सासूबाईंना फोटो पाठवले. एकोणीस तुकड्यांचा पत्ता लागला. उरलेले चोवीस कुणाचे, ते सांगणारी एकच व्यक्ती होती. नऊ वर्षं ती माझ्याच घरात होती, आणि मी विचारलं नाही.

गोधडी मी पुढे शिवते आहे. त्यांचा धावदोरा मुंग्यांच्या रांगेसारखा, माझा म्हणजे पावसात चाललेल्या माणसासारखा. कुठे त्यांचं संपलं आणि कुठे माझं सुरू झालं ते लांबूनही कळतं. गंजलेली सुई काढली, तिचा डाग राहिलाय. नणंद म्हणाली, "तेवढं उसवून नीट करून घे." नाही केलं.

आता शेवटचं, आणि हे कमिटीसाठी. सगळ्यांकडे जास्तीची खोली नाही, हे मला माहीत आहे. आपल्याकडे निम्मी घरं वन बीएचके आहेत. तिथे आजही संध्याकाळी तेच वाक्य ऐकू येतं, "प्रोजेक्ट उचल, जेवायला बसायचंय." पोर बिचारं ओला फेव्हिकॉल घेऊन पलंगाखाली सरकवतं. आणि एखादी आजी आपलं गाठोडं माळ्यावर टाकून मोकळी होते.

तळमजल्यावर मीटर रूमच्या शेजारी आपली एक खोली आहे. तिच्यात मोडक्या खुर्च्या, गणपतीच्या मखराचं सामान आणि रंगाचे रिकामे डबे आहेत. गेल्या पंचवीस वर्षांत तिने दुसरं काही पाहिलेलं नाही. तिथे एक मोठं टेबल, दोन ट्यूबलाइट, कुलपाचं एक कपाट आणि भिंतीला पुस्तकांच्या चार फळ्या, एवढं केलं तरी पुरे. दुपारी मोठ्यांसाठी, संध्याकाळी मुलांसाठी. अर्धं काम तिथेच ठेवायचं, नावाची चिठ्ठी लावून. दुसऱ्याचं काम कुणी हलवायचं नाही. रोज उघडबंद करायची आणि सुया मोजायची जबाबदारी मी घेते, लिहून देते. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होईलच, तिथे मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक पाहिजे. मोडक्या खुर्च्या कुठे ठेवायच्या, हे मात्र मला विचारू नका, मी माळा रिकामा करून बसलेली बाई आहे.

माझी गोधडी अजून दीड वीत राहिली आहे. खोली झाली तर तेवढी दीड वीत तिथे, तुमच्यात बसून शिवीन.

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. खाली बटाटेवडे तळायला घेतलेत असं कळलंय, म्हणून थांबते.